सीट मागे घेण्यापूर्वी

ठाण्याला पाचपाखाडीतल्या सोसायटीत मुकुल चित्रे यांना माघारी 'कलम चित्रे' म्हणत. कुणी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं, कुणी कुंड्यांना पाणी घालताना खालच्यांच्या वाळत टाकलेल्या चादरी भिजवल्या, की मुकुलराव सोसायटीच्या नियमांची पुस्तिका घेऊन हजर व्हायचे आणि दारात उभं राहून कलम वाचून दाखवायचे. आठ वर्षं ते सेक्रेटरी होते. माणूस वाईट नव्हता हो! लबाडी माहीत नाही, वशिला माहीत नाही. फक्त एखादी गोष्ट नियमात बसते म्हटलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपायचा. त्यापुढेही काही विचार करायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि त्यांची आई, मंदाकिनीबाई, नेमकी उलट. वय शहात्तर. तोंडात कायमचे दोन शब्द, "असू दे." भाजीत मीठ राहिलं, असू दे. मालिका रंगात आलेली असताना मुलाने क्रिकेट लावलं, असू दे. ज्या घरात एक जण सतत स्वतःचं खरं करतो आणि दुसरं माणूस सतत सोडून देतं, त्या घरात भांडणं होत नाहीत आणि चार लोक त्या घराचं कौतुक करतात. चित्र्यांच्या घराचंही करायचे. आपल्यापैकी किती घरांचं कौतुक याच कारणाने होत असेल, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी मुकुलरावांची विमा कंपनीने दिल्लीला बदली केली आणि ठाण्याच्या घराला कुलूप लागलं. दिल्लीतच गेल्या ऑक्टोबरात मंदाकिनीबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. ऑपरेशननंतर त्या आठवडाभर निपचित पडून होत्या. मग एक दिवस उठून बसल्या आणि म्हणाल्या, "जानेवारीत बाळदादाचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मी त्याला उभं राहून ओवाळणार."

बाळ टिपणीस हे त्यांचे थोरले भाऊ. डोंबिवलीला राहतात. एक्क्याऐंशीव्या वर्षी एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, आणि तो मान बहिणीचा. एवढ्या दिव्यांचं तबक म्हणजे चांगलंच जड. आसावरीने, म्हणजे सुनेने, हळूच सुचवलं, "आई, बसून ओवाळलं तरी चालतं की." तर आयुष्यात पहिल्यांदाच मंदाकिनीबाई "असू दे" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. त्याने कॉलेज सोडलं, नोकरी धरली, मला शिकवलं. त्याच्यासमोर मी दहा मिनिटं उभी राहू शकत नाही?"

मग सुरू झाला सराव. स्टीलच्या परातीत पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवायच्या, परात दोन्ही हातांत धरायची आणि पॅसेजमध्ये उभं राहायचं. नात अंतरा मोबाइलवर वेळ लावायची. पहिल्या दिवशी दीड मिनिट. महिन्याने पाच. निघायच्या आदल्या आठवड्यात अकरा मिनिटं! अंतराने टाळ्या वाजवल्या आणि आजींनी परात खाली ठेवून तिला जवळ घेतलं.

आसावरी आणि अंतरा घर उघडून साफसफाई करायला आठवडाभर आधी ठाण्याला आल्या. मुकुलराव आणि आई शुक्रवारच्या दुपारच्या विमानाने निघणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजींना कडेची सीट द्या. पाय मोकळा ठेवायचा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायचं." ऑफिसच्या धबडग्यात मुकुलरावांचं वेब चेक-इन राहून गेलं आणि शेवटी दोनच बऱ्या जागा उरल्या. एक पंधराव्या रांगेत कडेची, एक बाराव्या रांगेत खिडकीची.

"आई, वेगवेगळं बसावं लागेल. कडेची तुला, खिडकीची मला. हरकत नाही ना?"

"असू दे रे. दोन तासांचा तर प्रश्न."

विमानतळावर मुलाने व्हीलचेअरचं विचारलं. बाईंनी साफ नकार दिला आणि काठी टेकत टेकत, मान ताठ ठेवून स्वतःच्या पायांनी विमानापर्यंत गेल्या. त्यांना पंधराव्या रांगेत बसवून, पट्टा लावून देऊन मुकुलराव आपल्या जागी आले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ते फार दमलेले होते. आठवडाभर ऑडिट चाललेलं, कंबर भरून आलेली. विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला, त्याच क्षणी त्यांनी हाताशी असलेलं बटण दाबलं आणि पाठ मागे टाकली. सीट धाडकन मागे गेली.

"ओ, ओ, काका!" मागून आवाज आला. "जरा वर घ्या ना. गुडघे अडकलेत माझे."

मागे प्रितम नावाचा एक तरुण होता. डोंबिवलीचा, उंचीने सहा फूट तीन इंच. ताडकन उठायलाही त्याला जागा नव्हती. मुकुलरावांनी मान अर्धवट वळवली, पण मागे काही पाहिलं नाही.

"सीट मागे होते. म्हणूनच बटण दिलंय."

"ते माहितीये हो. पण पाय कुठे ठेवू मी? पूर्ण नका ना घेऊ, थोडी घ्या."

"ते विमान कंपनीला विचारा. माझ्या पुढच्यानेही घेतलीय मागे. मी बोललो काही?"

"काय यार, माणूस आहे की काय आहे," प्रितम मोठ्याने म्हणाला, आणि सीटच्या पाठीला गुडघ्याने एक धक्काही दिला. हेही बरोबर नव्हतं, पण झालं खरं.

मुकुलरावांनी लगेच डोक्यावरचं बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि हसतमुखाने सांगितलं, की या वेळी सीट मागे घ्यायला परवानगी आहे, मागच्यांनी कृपया सहकार्य करावं. "बघा!" असं म्हणून मुकुलरावांनी डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. शेजारची चार-पाच डोकी हे सगळं ऐकत होती. विमानात काही आवाज लपत नाहीत, आणि तीन रांगा म्हणजे काही फार अंतर नाही.

थोड्या वेळाने मागे उठबस झाल्यासारखं वाटलं. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी सरकलं, मग शांत झालं. नियम दाखवला की माणूस कसा वठणीवर येतो, असा एक समाधानी विचार मुकुलरावांच्या मनात येऊन गेला आणि त्यांचा डोळा लागला.

मधे एकदा कुणीतरी खांद्यावर हळूच हात ठेवला. "साहेब, वाईच वर घ्या ना शीट."

पट्टी न काढता मुकुलराव कडाडले, "परत तेच? एकदा सांगितलं ना! मागे कोण बसलंय याच्याशी मला काही कर्तव्य नाही. माझ्या हक्काची सीट आहे ही."

खांद्यावरचा हात निघून गेला. पुन्हा कुणी बोललं नाही. खाण्याची गाडी आली तेव्हाही, मघाचा तमाशा पाहिलेल्या त्या हवाई सुंदरीने त्यांना उठवलं नाही. मुकुलराव जागे झाले ते विमान उतरायच्या वेळी, तिने वाकून त्यांची सीट सरळ केली तेव्हा. कंबर मोकळी झाली होती. फार बरं वाटत होतं.

विमान थांबलं. लोक उठून सामान काढू लागले. आणि मागून आवाज आला, "हलू ताई, हलू. घाई नाय करायची."

पाठोपाठ एक बारीकसं "आई गं" ऐकू आलं.

तो आवाज मुकुलरावांनी जन्मभर ऐकला होता! ते गर्रकन वळले. त्यांच्या बरोबर मागच्या सीटवर, खिडकीशी अंग चोरून, त्यांची आई बसली होती. चेहरा पांढराफटक पडलेला. कपाळावर घाम. दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर घट्ट धरलेले.

"आई! तू इथे? तुझी सीट तर पंधरावी..."

"असू दे रे," बाई म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ होते. मघाशी खांद्यावर हात ठेवला होता तो यांनीच. हे पंढरी भोईर, ठाण्याला माजिवड्याचे. नात कृतिका दिल्लीला शिकते, तिला भेटून परत चाललेले.

"तुमचं नि त्या पोराचं वाजलं ना," ते सांगू लागले, "तवा या ताई मागून उठून आल्या. पोराला बोल्ल्या, तू माझ्या जाग्यावर जा बाला, तिथं पाय बाहेर काढता येतात. तो नको नको बोलत व्हता. पन यांनी हाताला धरून उठवलाच. मंग बसल्यावर मना कलला, का या तुमच्या आई. पन तुमाला सांगू नका, बोल्ल्या."

"मग उठून चालायचं ना थोडं! डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला!" मुकुलरावांचा आवाज चिरकला.

उत्तर पंढरींनीच दिलं. कडेच्या सीटवरच्या तरुण आईकडे त्यांनी बोट दाखवलं. तिच्या मांडीवर तान्हं मूल झोपलेलं होतं. "पोर झोपलंय, त्याला उठवायचा नाय, बोल्ल्या. दोन तास तशाच बसल्या. पाय आखडला तवा मी तुमच्या खांद्याला हात लावला. तुमी काय बोल्लात, ते आमी दोघांनी आयकला."

मागे कोण बसलंय याच्याशी मला काही कर्तव्य नाही! स्वतःचेच शब्द मुकुलरावांच्या कानात घणासारखे पडले. हे आपण आईला ऐकवलं होतं. सीटची पाठ तिच्या गुडघ्यावर टेकवून, डोळ्यांवर पट्टी बांधून!

बाई उठायला गेल्या आणि खाली बसल्या. पुन्हा प्रयत्न केला. पाय जमिनीला टेकेना. तेवढ्यात मागून गर्दीतून वाट काढत प्रितम आला. मुकुलरावांकडे त्याने पाहिलंही नाही.

"आजी, सॉरी. मी तुमची सीट घ्यायलाच नको होती. माझ्यामुळे झालं."

"नाही रे बाळा, तुझ्यामुळे कसं," बाई म्हणाल्या.

यात ज्याची काही चूक नव्हती तो माफी मागत होता, आणि ज्याची होती तो तोंडात मारल्यासारखा उभा होता. शेवटी प्रितमने आणि पंढरींनी दोन्ही बाजूंनी धरून बाईंना व्हीलचेअरवर बसवलं. निघताना मानाने नाकारलेली तीच व्हीलचेअर.

ठाण्याच्या टॅक्सीत मुकुलरावांनी पंढरींनाही बसवून घेतलं. मागच्या सीटवर आईचा पाय लांब ठेवला आणि स्वतः दाराशी कोपऱ्यात चेपून बसले. पंढरी पुढे बसले. बसताना त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग आपली सीट जितकी पुढे सरकते तितकी सरकवली आणि विचारलं, "ताई, आता झाली का जागा?" मुकुलरावांनी ते पाहिलं. एवढी साधी गोष्ट, तीन सेकंदांची.

विक्रोळी मागे पडल्यावर मुकुलरावांना राहवेना.

"पंढरीकाका, वाईट मला फार वाटतंय. पण एक सांगा, नियमात मी कुठे चुकलो? सीटला बटण आहे. माझी कंबर दुखत होती. माझ्या पुढच्यानेही सीट मागे घेतली होती. मी एकट्यानेच का ताठ बसायचं?"

पंढरी हसले. "साहेब, मी एश्टीच्या खोपट डेपोत बत्तीस वर्सं कंडक्टर व्हतो. शिटांची भांडनं माझ्याइतकी कोनी सोडवली नसतील. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरनारे बघितले, रुमालावर बसनारे पन बघितले. मंग त्या निमआराम गाड्या आल्या, मागं कलनाऱ्या शिटांच्या. पहिल्याच महिन्यात साताऱ्याच्या गाडीत एकानं शीट मागं टाकली. मागं एक बाई पोराला दूध पाजत व्हती. पोराच्या कपालाला ही एवढी टेंगूल. तो मानूस पन हेच बोल्ला, कंडक्टर, खटका दिलाय तर दाबू नको का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी त्याला इचारला, गाडी मागं घेताना डायवर काय करतो? रिवर्स गेर गाडीला हाय. कंपनीनंच दिलेला हाय. पन डायवर तसाच टाकतो का? नाय. कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागं जाऊन उभा ऱ्हातो, कोन हाय नाय बघतो, पत्र्यावर थाप मारतो. येऊ दे, येऊ दे, बास. मंग गाडी मागं जाते. पुढं जाताना मानसाचे डोले पुढं असतात, साहेब. मागं जाताना डोले नसतात. म्हनून मागं जायचं तर इचारून जायचं. बसला हा कायदा हाय. मानसाला नको?"

आयुष्यभर कलमं वाचणाऱ्या मुकुलरावांनी हे कलम कधी वाचलं नव्हतं.

"आनि मागं घ्यायचीच नाय, असं नाय बोलत मी," पंढरी पुढे म्हणाले. "कंबर दुखते मानसाची. पन मागं बघायचं. मागच्याला इचारायचं, घेऊ का वाईच? तो जेवत असंल तर थांबायचं. पोर असंल, म्हातारं असंल, उंच मानूस असंल, तर अर्धीच घ्यायची. आनि घ्यायची ती हलूहलू, धाडकन नाय. हां, मागच्यानं पन गुडघा मारायचा नाय. तोंडानं सांगायचं." मग ते मंदाकिनीबाईंकडे वळले. "नि ताई, रागवू नका, पन तुमी पन चुकल्या. दोन तास मुकाट बसल्या."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माजिवड्याला पंढरी उतरले. त्यांच्या शेताच्या जागी आता बावीस मजली टॉवर होता, आणि ते त्यातच राहत होते. "ताईंचा पाय बरा झाला का फोन करा," म्हणून त्यांनी नंबर दिला आणि दार हलक्या हाताने लावून घेतलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी गुडघा तपासला. सूज भरपूर होती. कायमचं नुकसान नाही, पण पुढचे आठ दिवस पायावर भार द्यायचा नाही. उभं राहायचं तर नाहीच.

"रविवारी फक्त दहा मिनिटं?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिटही नाही, आजी."

घरी आल्यावर अंतराने आजीच्या पायाखाली उशी ठेवली. "आजी, अकरा मिनिटं झाली होती ना गं तुझी," एवढंच ती म्हणाली, आणि आत निघून गेली. मुकुलरावांना घर खायला उठलं.

संध्याकाळी ते बर्फाची पिशवी घेऊन आईच्या पायाशी बसले.

"आई, एकदा तरी म्हणायचंस ना! मुकुल, मी आहे मागे. मी ताबडतोब सीट वर घेतली असती."

मंदाकिनीबाईंनी मुलाकडे पाहिलं. असू दे म्हणतील असं मुकुलरावांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "घेतली असतीस, माहितीये मला. म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"अरे, त्या मुलाने सांगितलं तेव्हा नाही घेतलीस. पंढरींनी सांगितलं तेव्हा नाही घेतलीस. मग मागे आई निघाली म्हणून घेतली असतीस, तर त्यात तुझा काय मोठेपणा? माझे गुडघे तेवढे गुडघे, आणि त्या पोराचे लाकडाचे? तू आईशी चांगला वागतोस रे मुकुल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मागे कोण आहे हे बघून चांगलं वागायचं, याला मी चांगलं नाही म्हणत."

केवढं मोठं बोलल्या त्या! एवढी वाक्यं आईच्या तोंडून सलग मुकुलरावांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि आईच्या पावलांवर डोकं टेकवलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, आठ वर्षं सेक्रेटरी राहिलेला माणूस हमसून हमसून रडला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "ऊठ. आणि पंढरी म्हणाले ते खरं आहे. मीही चुकले. मी आयुष्यभर असू दे, असू दे म्हणत आले, आणि तुला वाटलं समोरच्याला काही होतच नाही. ही सवय तुला मीच लावली."

रविवारी डोंबिवलीचा छोटा हॉल माणसांनी भरला होता. बाळमामा चौरंगावर बसले होते, खांद्यावर नवी शाल. एक्क्याऐंशी दिवे पेटले. मंदाकिनीबाईंना खुर्चीवर बसवून समोर आणलं तेव्हा बायकांत कुजबुज झाली, "अगं, या तर उभ्या राहणार होत्या ना?"

मुकुलराव पुढे झाले. त्यांनी सर्वांदेखत हात जोडले. "मामा, आईने तीन महिने सराव केला होता. आज तिला उभं राहता येत नाही ते माझ्यामुळे. विमानात मी मागे न बघता सीट मागे घेतली. तिचा पाय दोन तास दाबून धरला मी. मला माफ करा."

अशी कबुली समारंभात कुणी देत नाही. बाळमामांनी भाच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग ते चौरंगावरून उठले. दोघांनी धरायला हात पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले. एक खुर्ची ओढून बहिणीच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागणार नाही एवढं अंतर ठेवून बसले.

"मंदे, तू उभी आणि मी बसलेला, तर दिवे माझ्या डोक्यावरून गेले असते. आता बघ, समोरासमोर आहोत."

"दादा, अकरा मिनिटं उभी राहत होते रे मी," बाई म्हणाल्या, आणि इतके दिवस अडवलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

तबक जड होतं. मुकुलराव आईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या दोन्ही कोपरांखाली आपले हात धरले. दिवे हळूहळू फिरू लागले. बाळमामांच्या चष्म्यात ते सगळे एकदम दिसत होते. मुकुलरावांना तिथून आईचा चेहरा दिसत नव्हता. तिचे पांढरे केस आणि थरथरणारे खांदे तेवढे दिसत होते.

पंधरा दिवसांनी चित्रे मंडळी दिल्लीला परत निघाली. या खेपेस मुकुलरावांनी वेळेवर जागा घेतल्या होत्या. आई कडेला, शेजारी ते स्वतः, मागच्या रांगेत वाटेच्या दोन बाजूंना अंतरा आणि आसावरी. अंतराच्या पुढे आजी होती, पण मुकुलरावांच्या मागे एक अनोळखी बाई बसल्या होत्या. विमान वर गेलं, दिवा विझला. मुकुलरावांची कंबर आजही दुखत होती. ते पूर्ण मागे वळले.

"ताई, थोडी मागे घेतली तर चालेल का?"

त्या बाई गोंधळल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. "माझं एवढं खाणं होईपर्यंत थांबाल का?"

"जरूर."

वीस मिनिटांनी त्यांनीच मागून सांगितलं, "घ्या आता." मुकुलरावांनी सीट हळूहळू मागे घेतली, अर्धीच, आणि पुन्हा विचारलं, "एवढी ठीक आहे ना?" मागे अंतराने आईला डोळ्यांनी खुणावलं. आसावरी हसली.

मुकुलरावांनी समाधानाने डोळे मिटले. दोन मिनिटंही झाली नसतील, तोच शेजारून आवाज आला.

"मुकुल, कोपर काढ रे. लागतंय मला."

मुकुलराव दचकून सरळ झाले. "सॉरी, आई! केव्हापासून लागतंय?"

"आत्तापासूनच," मंदाकिनीबाई दोन सीटमधल्या हात ठेवायच्या पट्टीवर आपलं कोपर नीट ठेवत म्हणाल्या. "आता मी दोन तास थांबत नसते."

मंडळी, सीटचं बटण आपल्या हाताशी असतं आणि गुडघे दुसऱ्याचे असतात. बटण दाबायचा हक्क कायदा देईल, पण आधी मान वळवायची की नाही, हे कुठलंही कलम सांगणार नाही. ते आपलं आपण ठरवायचं आहे, विमानात, घरात आणि जिन्यातही. म्हणून मागे सरकण्यापूर्वी एकदा मागे बघा, विचारा. आणि जो मागे बसला आहे त्यानेही गप्प न बसता नीट शब्दांत सांगावं. मागे बसलेलं माणूस आपली आई असायलाच हवं, असं काही नाही.